एकच तुकडा, अनेक कामे

प्रश्न : द्राक्षवेलीच्या खोडावर गाठी आणणारा जिवाणू छाटणीची जखम ओळखतो कसा? प्रथिनातील ‘डोमेन’ म्हणजे काय?
– एक बागायतदार, पिंपळगाव बसवंत (जि. नाशिक)

उत्तर : प्रथिनाच्या साखळीतील जो भाग स्वतंत्रपणे घडी घेऊन ठरावीक काम करतो, तो डोमेन. गाठींना कारण ठरणाऱ्या अ‍ॅग्रोबॅक्टेरियममध्ये ‘व्हिर-ए’ हे प्रथिन पेशीपटलात रोवलेले असते. त्याचा एक भाग जखमेतून पाझरणाऱ्या फिनॉलवर्गीय द्रव्यांची चाहूल घेतो, शेजारचे डोमेन स्वतःवर फॉस्फेट हा छोटा रासायनिक गट चढवून तो ‘व्हिर-जी’ या दुसऱ्या प्रथिनाच्या ग्राहक (म्हणजे फॉस्फेट स्वीकारणाऱ्या) डोमेनकडे सोपवते, आणि त्याच ‘व्हिर-जी’चे दुसरे डोमेन डीएनएला बिलगून संसर्गाची जनुके चालू करते.

गंमत म्हणजे, आपल्या आतड्यातील ई. कोलायच्या ‘ची-वाय’ प्रथिनात असेच ग्राहक डोमेन एकटेच असते. डीएनएच्या वाटेला न जाता ते जिवाणूच्या शेपटीच्या मोटारीला चिकटते आणि तिची फिरण्याची दिशा बदलते. जनुकांच्या दुबार प्रती निघणे, त्यांचे तुकडे जोडले जाणे किंवा गळणे, यांतून उत्क्रांतीत डोमेनच्या अशा वेगवेगळ्या जोडण्या घडल्या. शून्यातून नवे प्रथिन घडण्यापेक्षा हा मार्ग निश्चितच काटकसरीचा.