दूध प्यायलं की पोट फुगतं, दही मात्र चालतं. असं का? पचनाची गोळी घ्यावी का?

तुमची पचनशक्ती मंद वगैरे काही नाही. एक एन्झाइम, म्हणजे अन्न तोडणारं पाचक द्रव्य, कमी आहे, बस्स. 'नखरे' म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

लालबागच्या चाळीत मी नवी सून. कोजागिरीला गच्चीवर मी पेला बाजूला सरकवला तेव्हा थोरले भावजी सगळ्यांसमोर म्हणाले, "मटणाचं कालवण पचतं, आणि कपभर दूध पचत नाही होय?" सगळे हसले. प्यायले मग. दाट आटवलेलं, जायफळ घातलेलं, वर चारोळ्या. मध्यरात्री पदर खोचून, बादली घेऊन गॅलरीच्या टोकाला किती फेऱ्या झाल्या ते विचारू नका. सकाळी सासूबाई म्हणतात, "लहानपणी पीत होतीस ना?"

अहो, मटणाची पेप्सिन-ट्रिप्सिन वेगळी, तेलातुपाचं लायपेज वेगळं, भातापावाचं अमायलेज वेगळं. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. ते तोडायला लॅक्टेजच लागतं आणि ते असतं लहान आतड्याच्या अस्तरावर. सरकारी कचेरीसारखं आहे, शेजारची खिडकी रिकामी असली तरी तुमचा कागद तुमच्याच खिडकीवर. लॅक्टेज लॅक्टोजचं ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज करतं, तेव्हा कुठे ती साखर रक्तात जाते. नाहीतर लॅक्टोज तसंच मोठ्या आतड्यात उतरतं, पाणी ओढून घेतं, तिथले जीवाणू त्यावर ताव मारतात आणि गॅस सोडतात. आणि लहानपणी पीत होते ते बरोबरच, तेव्हा लॅक्टेज भरपूर असतं. जगातल्या बहुसंख्य माणसांत ते वाढत्या वयात घटतं. यात माहेरच्या वळणाचा काय संबंध?

"चांगलं उकळलंय, बाधणार नाही" हेही ऐकलंय. दूध आटवलं की पाणी उडतं, लॅक्टोज जागच्या जागी. म्हणजे मसाला दूध, बासुंदी, रबडी आणखीच वाईट.

दह्याचं म्हणाल, तर विरजणातले जीवाणू थोडं लॅक्टोज आधीच संपवतात आणि त्यांचं स्वतःचं एन्झाइम आतड्यातही कामाला येतं.

गोळीचं म्हणाल, तर केमिस्टकडच्या पचनाच्या सिरप-गोळ्यांत बहुधा डायस्टेज आणि पेप्सिन असतं. एक स्टार्चसाठी, दुसरं प्रथिनांसाठी. दुधाला उपयोग शून्य. लेबलवर लॅक्टेज लिहिलेलं बघून घ्या, आणि घ्यायची ती पहिल्या घोटाबरोबर, पोट फुगल्यावर नव्हे.

हां, बऱ्याच जणांना जेवणासोबत अर्धा कप दूध चालतं, तेव्हा एकदम सगळं सोडू नका. पण वजन उतरत असेल, शौचातून रक्त जात असेल, किंवा दुधाने अंगावर पुरळ उठत असेल तर ते दुखणं वेगळं, सरळ डॉक्टरकडे जा.

तुपात मात्र लॅक्टोज जवळजवळ नसतंच. आमच्याकडे "हिला दूध बाधतं ना" म्हणून माझ्या वरणभातावरचं तूपही बंद झालं होतं, भावजींच्या ताटात दोन चमचे. तुम्ही हक्काने मागून घ्या.