आरसा घासला, चावी गेली

प्रश्न : तावडे हॉटेलजवळ माझ्या ट्रकचा डावा कोपरा एका कारच्या आरशाला घासला. कारवाल्यानं मागं लिहिलेल्या नंबरवर मालकाला फोन केला. दुसऱ्या दिवशी मालकांनी चावी काढून घेतली, "उद्यापासनं येऊ नको" म्हणाले आणि पगारातनं सहा हजार कापले. काय करू? – एक चालक, शिरोली

उत्तर : आधी डॅशकॅमचं कार्ड मिळवा. कार्ड भरलं की कॅमेरा जुनं पुसून त्यावरच नवं लिहितो, त्यामुळे उशीर झाला तर पुरावा गेलाच. कार्ड मालकाकडे असेल तर ते जपून ठेवा असं लेखी कळवा. कार डावीकडून घुसली असेल तर ती केबिनलगतच्या आंधळ्या पट्ट्यात असते, आरशात दिसत नाही. ते फुटेजमध्येच कळतं.

कोऱ्या कागदावर किंवा राजीनाम्यावर सही मात्र अजिबात नको. "मी कामावर यायला तयार आहे" एवढं पत्र पोचपावतीसह स्पीड पोस्टानं पाठवा, नाहीतर पुढं "हा स्वतःच निघून गेला" असं सांगितलं जातं. (बहुतेक प्रकरणं इथंच फसतात.)

नुकसानीची कपात करण्याआधी तुमचं म्हणणं ऐकायला हवं, आणि ती प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा जास्त नसावी. आरशाचं बिल मागा.

वर्षात 240 दिवस काम झालं असेल तर बाजू बरीच भक्कम. नेमणूकपत्र नसलं तरी ट्रिप शीट, भत्त्याच्या बँक नोंदी, लोडिंगच्या पावत्या चालतात. हे सगळं घेऊन सहायक कामगार आयुक्तांकडे अर्ज द्या.