मुलगी एक्स-रे विभागात नोकरीला लागली आहे, तिला गायगर काउंटर घेऊन द्यावा का?

ताई, तुमची मुलगी इथे इंदुरात एका डायग्नोस्टिक सेंटरमध्ये एक्स-रे टेक्निशियन म्हणून लागली. तिला छातीवर लावायला बॅज मिळाला, पण तो ना वाजतो, ना आकडा दाखवतो. म्हणून ऑनलाइन मिळणारा गायगर काउंटर, म्हणजे किरणं मोजून लगेच आवाज आणि आकडा देणारं छोटं यंत्र, घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. एक्स-रे आणि सीटीच्या खोल्यांची विकिरण तपासणी हेच माझं काम आहे. माझ्या मते गायगर घेऊ नका, त्या बॅजकडेच नीट लक्ष द्या.

त्या काउंटरमधली गायगर-म्युलर नळी 1928 सालापासून वापरात आहे आणि तिच्या जागी ती उत्तमच आहे. 2010 मध्ये दिल्लीच्या मायापुरीत भंगारात कोबाल्ट-60 निघालं होतं. तसा सतत किरणं सोडणारा स्रोत शोधायचा, तर तीच हवी. एक्स-रे मशीनचं तसं नसतं. बटण दाबलं की सेकंदाच्या छोट्याशा अंशात किरणं येतात आणि थांबतात. मशीन बंद असताना खोलीत काहीही उरत नाही. एक कण मोजला की गायगर नळी साधारण 100 मायक्रोसेकंद आंधळी असते, आणि पडद्यावरचा आकडा काही सेकंदांची सरासरी असतो. एवढ्याशा झोतातलं बरंचसं तिच्या हातून निसटतं. उलट बाजूने, ही यंत्रं बहुधा सीझियम-137 च्या 662 केईव्ही (किरणांच्या ऊर्जेचं एकक) गॅमा किरणांवर प्रमाणित केलेली असतात. रुग्णाच्या अंगावरून विखुरणारे एक्स-रे मात्र त्याहून खूप कमी ऊर्जेचे, म्हणजे शंभराच्या आतल्या केईव्हीचे असतात, आणि तिथे साधी नळी खऱ्यापेक्षा कितीतरी जास्त दाखवते. एकाच यंत्रात दोन उलट चुका, त्यामुळे मुलीने आकडा वाचला तरी त्यावरून घाबरायचं की निश्चिंत राहायचं, हे कळणारच नाही. आम्ही खोली तपासताना आयन चेंबरचं सर्व्हे मीटर वापरतो. ते हवेत तयार झालेला विद्युतभार मोजतं आणि एका एक्स्पोजरचा सगळा डोस बेरजेत देतं.

आता बॅज. त्याला टीएलडी (थर्मोल्युमिनेसंट डोसिमीटर) म्हणतात. आत अॅल्युमिनियमच्या पट्टीवर तीन छोट्या पांढऱ्या चकत्या असतात: डिस्प्रोसियम मिसळलेलं कॅल्शियम सल्फेट, टेफ्लॉनमध्ये बसवलेलं. किरणांची ऊर्जा त्या स्फटिकांत अडकून राहते. तिमाही संपली की प्रयोगशाळेत चकत्या तापवतात, अडकलेली ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते आणि त्या प्रकाशावरून डोस काढतात. एका चकतीवर धातूचा फिल्टर, दुसरीवर प्लास्टिकचा, तिसरी उघडी. तिघींच्या प्रमाणावरून किरणं कोणत्या जातीची होती तेही समजतं. हा बॅज म्हणजे पासबुक आहे. तो सावध करणार नाही, पण हिशेब चोख ठेवेल, फक्त तो नीट वापरायला हवा.

आणि नेमकी तिथेच हयगय होते. एका खोलीत मला लेड एप्रन (किरणं अडवणारा शिशाचा एप्रन) खुंटीला टांगलेला दिसला, त्याला बॅज तसाच अडकवलेला, आणि शेजारी दिवसभर एक्स-रे चाललेले. त्या बॅजमध्ये जमलेला डोस कुणाच्याच अंगाला लागलेला नव्हता. मुलीला सांगा, बॅज छातीच्या उंचीवर, एप्रनच्या आत लावायचा, काम संपलं की खोलीबाहेर ठेवायचा, कडक उन्हात किंवा धुण्यात जाऊ द्यायचा नाही. आणखी एक गोष्ट तिने नक्की पाहावी: कंट्रोल बॅज, म्हणजे कुणीही न लावता तुलनेसाठी ठेवलेला बॅज, कुठे आहे? तो किरणांपासून लांब हवा, कारण त्याचं वाचन सगळ्यांच्या आकड्यातून वजा होतं. तोच एक्स-रे खोलीच्या कपाटात पडला असेल, तर सगळ्यांचे डोस कागदावर कमी दिसतील. मला विचाराल तर एप्रनपेक्षाही आधी हे तपासायला हवं.

रिपोर्ट कसा वाचायचा? आपल्याकडे अशा कामासाठी एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) मर्यादा 5 वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसीव्हर्ट (शरीराला मिळालेल्या डोसचं एकक), आणि कोणत्याही एका वर्षात जास्तीत जास्त 30. तुलनेसाठी, निसर्गातूनच जगभरात माणसाला सरासरी वर्षाला 2.4 मिळतात. आपल्या माळव्याच्या काळ्या बेसाल्टमध्ये तर युरेनियम-थोरियम ग्रॅनाइटपेक्षा कमीच असतं. साधे एक्स-रे काढणाऱ्यांचे आकडे नीट काम चालत असेल तर मर्यादेच्या खूप खाली असतात. एखाद्या तिमाहीत आकडा एकदम वाढला, तर तिने विकिरण सुरक्षा अधिकाऱ्याला त्याच दिवशी कारण विचारावं.

वॉर्डात पोर्टेबल मशीन नेताना मात्र अंतर राखावं. रुग्णापासून 1 मीटरवर विखुरलेली किरणं मूळ झोताच्या साधारण हजाराव्या भागाइतकी असतात, 2 मीटरवर त्याच्याही चौथाई. म्हणूनच एक्स्पोजरच्या बटणाची वायर लांब असते. ती पूर्ण ताणून उभं राहायचं, गुंडाळून हातात धरायची नाही. पुढे कधी दिवस गेले तर लगेच लेखी कळवावं, कारण त्यानंतर बाळासाठी मर्यादा फक्त 1 मिलिसीव्हर्ट असते. आणि नोकरी बदलली तर टीएलडीचा वैयक्तिक क्रमांक नव्या ठिकाणी द्यावा, म्हणजे आधीचा हिशेब पुढे चालू राहतो.