खोटं न बोलता, गोड न बोलता दुरुस्तीचा धंदा चालतो का?

तुम्ही लिहिलंय की घरगुती उपकरणं दुरुस्त करायचं तुमचं छोटं काम आहे, हात चांगला आहे, खोटं बोलायची तयारी नाही, पण समोरच्याला पटवता येत नाही. मग विक्री शिकवणारा एखादा कोर्स करावा का?

करू नका. उत्तर एवढंच. पुढचं सगळं लिहितोय ते तुमच्या प्रश्नातल्या एका वाक्यामुळे: ‘मी प्रामाणिक आहे, पण गिऱ्हाइकाला ते दिसत नाही.’ हेच वाक्य मी बरीच वर्षं म्हणत होतो, आणि त्याच वर्षांत एका काकूंचा एसी मी पूर्ण प्रामाणिकपणे मारायला निघालो होतो.

माझं काम एसीचं. 22 वर्षं झाली, त्यातली पहिली 6 भागीदारीत. भागीदार वयाने माझ्यापेक्षा थोडाच मोठा, पण कामात कितीतरी पुढे. नुसता आउटडोअरचा आवाज ऐकून कपॅसिटर गेलाय की पंख्याचं बेअरिंग, हे तो पाना हातात घ्यायच्या आधी सांगायचा आणि सहसा चुकायचा नाही. खोटंही तितक्याच सफाईने बोलायचा. खरं दुखणं पाच मिनिटांत ओळखायचं आणि मग गिऱ्हाइकाचा चेहरा बघून कुठलं दुखणं सांगायचं ते ठरवायचं, अशी त्याची पद्धत. त्याचं ठरलेलं औषध म्हणजे ‘गॅस संपलाय’. बंद नळ्यांमधला गॅस संपत नसतो, गेला तर कुठून तरी गळून जातो, हे तुम्हाला सांगायला नको. गिऱ्हाइकाला मात्र ते माहीत नसतं. मग गळती न शोधताच गॅस भरायचा, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात फोन येणार हे नक्की.

यावरून आमची रोज वाजायची. तो म्हणायचा, ‘लोकांना खरं नको असतं, सुटका हवी असते. खरं सांगून बघ, दोन हंगामांत उपाशी मरशील.’ मी म्हणायचो, खोटं एक दिवस उघडं पडतंच. आमच्यात सज्जन मीच, याबद्दल मला तेव्हा कणभरही शंका नव्हती.

काकूंचा फोन आला तेव्हा तो दुसऱ्या कामावर होता. तक्रार अशी की एसी तासभर बरा चालतो आणि मग गार हवा येईनाशी होते. जाऊन बघितलं तर इनडोअरच्या कॉइलवर बर्फ. फिल्टर स्वच्छ होता, त्या दर पंधरवड्याला धुवायच्या. बर्फ वितळू दिला, गॅसचा दाब मोजायचं गेज लावलं. आर-22 गॅसचा एसी, सक्शनला, म्हणजे कॉम्प्रेसरकडे गॅस परत येतो त्या नळीत, साधारण 60 ते 70 पीएसआय दाब दिसायला हवा, माझ्या गेजवर 48. या गॅसचा दाब 58 च्या खाली गेला की कॉइल शून्य अंशाच्या खाली जाते, म्हणून बर्फ. सगळं जुळलं. मी काकूंना काटा दाखवला, बर्फ का धरतो ते समजावलं आणि सांगितलं, ‘गॅस कमी आहे, कुठेतरी बारीक गळती असणार.’ साबणाचं पाणी लावून जोड तपासले. फेस कुठेच आला नाही. ‘गळती फार बारीक असेल, आत्ता भरून देतो, परत कमी झाला तर शोधू,’ असं म्हणालो आणि काटा 65 वर येईपर्यंत गॅस भरला. एक अक्षर खोटं बोललो नाही. काकू म्हणाल्या, इतकं नीट समजावून आजवर कोणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मी घरी तरंगतच गेलो.

खरं तर गॅस आधीपासून पुरेसा होता. ब्लोअरच्या, म्हणजे खोलीत हवा फेकणाऱ्या आतल्या पंख्याच्या, पात्यांमध्ये वर्षानुवर्षांची धूळ थापून बसली होती. फिल्टर कितीही धुतला तरी ती निघत नाही, आणि ब्लोअर बाहेर काढल्याशिवाय नीट दिसतही नाही. कॉइलवरून हवा कमी गेली की कॉइलला उष्णता मिळत नाही, सक्शनचा दाब पडतो, बर्फ धरतो. गेजवर हे चित्र हुबेहूब कमी गॅससारखं दिसतं. फरक ओळखायचा तर कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या नळीचं तापमान घेऊन गणित करावं लागतं, नाहीतर सगळा गॅस काढून यंत्रावरच्या पट्टीवर छापलेल्या वजनाइतका वजनकाट्याने मोजून भरावा लागतो. यातलं मला काहीच येत नव्हतं. गेज बघता येत होतं, आणि गेज बघता येतं म्हणजे काम येतं, असं मी धरून चाललो होतो.

अडीच महिन्यांनी पुन्हा तोच त्रास. या वेळी भागीदार गेला. त्याने ब्लोअर उपसला, धुतला, परत बसवला. हवा सुटली तशी मी भरलेल्या जादा गॅसने डोकं वर काढलं. दाब चढला, अँपिअर वाढले, अर्ध्या तासात जादा भारामुळे कॉम्प्रेसर आपोआप बंद. माझी चूक त्याच्या तिथल्या तिथे लक्षात आली असणार, कारण अशी गोष्ट त्याच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. त्याने काकूंना सांगितलं, ‘कॉम्प्रेसर गेलाय.’ आउटडोअर उचलून वर्कशॉपमध्ये आणला, जादा गॅस काढला, दोन दिवस कोपऱ्यात ठेवला आणि नेऊन बसवला. बिल नव्या कॉम्प्रेसरचं.

मला कळलं ते गंजामुळे. त्या कॉम्प्रेसरच्या पायाजवळ गंजाचा एक वेडावाकडा डाग होता, गॅस भरताना माझ्या नजरेत बसलेला. बिल झाल्यावर आठवडाभराने काकूंनी एका नटाच्या खडखडाटासाठी बोलावलं तेव्हा मी गेलो. झाकण काढलं, डाग जिथल्या तिथे.

भागीदाराला विचारलं तर तो ओरडला नाही की लाजला नाही. शांतपणे म्हणाला, ‘चूक तू केलीस, मी झाकली. तुझ्या खऱ्यामुळे तो कॉम्प्रेसर खरंच जळला असता. माझ्या खोट्यामुळे आज एसी चालतोय. आता सांग, बाईंचं भलं कोणी केलं?’

मला उत्तर देता आलं नाही. अनेक वर्षं देता आलं नाही, म्हणून तर इथे एवढं लिहितोय.

दुसऱ्या दिवशी काकूंकडे गेलो, दोन्ही गोष्टी सांगितल्या, माझी चूकही आणि त्याचं बिलही. काकू काही वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘म्हणजे एकाला काही येत नव्हतं आणि दुसऱ्याला सगळं येत होतं. आणि दोघं एकाच पाटीखाली.’ पैसे मी माझ्या खिशातून परत केले. त्यांनी ते दोनदा मोजले आणि दार लावलं. पुन्हा त्यांचा फोन आला नाही, त्यांच्या ओळखीतल्या कोणाचाही नाही. खरं बोललं की गिऱ्हाईक कायमचं जोडलं जातं, असं शिकवणारे जे असतात त्यांना हा किस्सा सांगायला मला फार आवडतं. भागीदारी त्याच महिन्यात मोडली.

तर तुमच्या प्रश्नाकडे येतो. ‘मी प्रामाणिक आहे’ हा काही विकायचा माल नाही. गिऱ्हाइकाला तुमचं मन दिसत नाही, दिसायचं कारणही नाही. माझे एक गिऱ्हाईक अर्थशास्त्र शिकवतात. त्यांनी एकदा सांगितलं की काही वस्तूंची पारख घ्यायच्या आधी होते, काहींची वापरल्यावर होते, आणि काहींची वापरून झाल्यावरही होत नाही. या तिसऱ्या प्रकारावर मायकल दार्बी आणि एडी कार्नी या दोन अर्थतज्ज्ञांनी 1973 साली लिहून ठेवलंय. आपली दुरुस्ती त्यातच मोडते. एसी गार झाला एवढं काकूंना कळतं, त्यासाठी कॉम्प्रेसर बदलायची गरज होती का, हे कधीच कळत नाही. आजार सांगणारा आणि औषध विकणारा एकच माणूस. अशा जागी गोड बोलणाऱ्याची चलती होणारच. त्याच्याशी गोडव्यात स्पर्धा करायला गेलात तर हराल.

मी नंतर जे केलं ते सांगतो. पहिलं म्हणजे काम शिकलो. वर्षभर एका मोठ्या ठिकाणी पडेल पगारावर राबलो, थर्मामीटर आणि वजनकाटा घेऊन गॅस भरायला शिकलो, गळतीसाठी नायट्रोजन भरून दाब धरतो का ते बघायला शिकलो. त्यानंतर माझं बोलणं आपोआप बदललं. ‘असेल’, ‘असणार’ गेलं. काकूंना मी ‘गळती असणार’ म्हणालो होतो, आठवतंय? साबणाला फेस आला नव्हता, तरी म्हणालो होतो. तिथेच थांबून ‘गळती सापडत नाहीये, म्हणजे माझं निदान चुकलेलं असू शकतं’ म्हणालो असतो तर तो प्रामाणिकपणा झाला असता. पण तसं म्हणायलाही आधी पुरेसं कळावं लागतं.

दुसरी गोष्ट तपासणीच्या पैशांची. इथे माझं मत अजिबात मवाळ नाही: फुकट तपासणीची पाटी लावणाऱ्याला खोटं बोलावंच लागतं. येण्याजाण्याचा वेळ, पेट्रोल, अर्ध्या तासाचं डोकं, हे सगळं कुठून तरी भरून निघायला हवं ना? मग साधी बाहेरची जाळी तुंबलेली असली तरी तोंडातून निघतं, ‘गॅस संपलाय’. माझा व्हिजिट चार्ज ठरलेला आहे, फोनवरच सांगतो, आणि काही बिघाड निघाला नाही तरी घेतो. त्या पैशांत मला ‘तुमच्या एसीला काहीही झालेलं नाही’ म्हणायची मुभा मिळते. हे ऐकून फोन ठेवणारे ठेवतात.

तिसरं, दाखवायचं. कपॅसिटरवर 35 मायक्रोफॅरड छापलेलं असतं, शेजारी 5 टक्के इकडेतिकडे चालेल असंही. मीटर लावून 26 आलं की तो आकडा गिऱ्हाइकाला स्वतः वाचायला सांगतो. कपॅसिटर काय करतो हे त्यांना माहीत नसलं तरी 35 आणि 26 कळतात. जुना भाग काढला की त्यांच्या हातात देतो, टाकून द्यायचा तर त्यांनी द्यावा. आणि काही न करण्याचा पर्यायही सांगतो: हे आत्ता केलं नाही तर काय होईल, किती दिवस चालेल. पंख्याचं बेअरिंग नुसतं कुरकुरत असेल तर हंगाम निघू शकतो, मग तसंच सांगतो. अशा वेळी काही लोक तरीही काम करून घेतात. मी काही त्यांना पटवायला जात नाही.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. दाखवायचं म्हणजे प्रवचन द्यायचं नाही. काम नवीन शिकलो तेव्हा मी प्रत्येक घरात सुपरहीटवर, म्हणजे त्या परतीच्या नळीच्या तापमानाच्या गणितावर, व्याख्यान द्यायचो. एकदा एक ताई कडेवर तापलेलं मूल घेऊन उभ्या होत्या आणि मी त्यांना दाब आणि तापमानाचा तक्ता दाखवत होतो. त्या म्हणाल्या, ‘दादा, आज रात्री गार होईल का नाही, तेवढं सांगा.’ भागीदाराचं ‘सुटका हवी असते’ अगदीच खोटं नव्हतं. आधी सुटका कधी होणार ते सांगायचं, कारण मागितलं तर द्यायचं. आणि हे सगळं अंगावर कर्ज असताना जमत नाही, तेही लक्षात घ्या. घराचा हप्ता थकलेला असला की ठणठणीत कॉम्प्रेसरही आजारी वाटायला लागतो. एकट्याने सुरू केल्यावर माझी पहिली दोन वर्षं वाईट गेली. बायकोची नोकरी होती म्हणून तरलो, माझ्या तत्त्वांमुळे नाही.

तुमचं काम नक्की कशाचं ते तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे यातलं किती लागू पडेल ते तुम्हीच बघा. वॉशिंग मशीनवाल्यांचं गणित वेगळं असतं.

भागीदाराचं विचाराल तर तो उपाशी मेला नाही, मीही नाही. त्याच्याकडे आज माझ्या तिप्पट माणसं आहेत. इन्व्हर्टर एसीच्या बोर्डात मी अजून अडकतो, आणि अडकलो की त्यालाच फोन लावतो. परवाही लावला. त्याने दोन रीडिंग घ्यायला सांगितली, आकडे ऐकले आणि म्हणाला, बोर्ड ठीक आहे, मोटरची वायर बघ. वायरच होती. मला तो खोटं सांगत नाही.