झालेलं पुसू नकोस

प्रिय,

तुझं पत्र वाचलं. वाहिनीच्या पुरस्कार सोहळ्यात 'लोकप्रिय कुटुंब' ठरलेल्या, तू संवाद लिहितेस त्या मालिकेचा स्लॉट दुसऱ्याच आठवड्यात साडेआठवरून साडेसहावर गेला, आणि यातलं खरं काय, असं तू विचारतेस. दोन्ही खरं आहे. वाहिनीचा सोहळा हा वाहिनीचाच एक कार्यक्रम असतो. त्यात चालू मालिकांची प्रसिद्धी करायची असते आणि प्रत्येकीच्या पदरात काहीतरी पडावं लागतं. म्हणून आवडती सासू, आवडती जोडी, आवडतं भावंड असे विभाग वाढत जातात आणि लेखन-संकलनाची नावं प्रक्षेपणात भरभर सरकून जातात. त्यावरून स्वतःच्या लेखणीचं माप काढू नकोस. सोहळ्याबद्दल एवढं पुरे.

मालिका का घसरतायत, हा तुझा प्रश्न मोठा आहे. लोकांच्या हातात फोन आले, ओटीटी आलं, हे सगळं खरं. पण आपल्या हातातलं कारण एकच आहे: आपण झालेलं पुसून टाकतो.

हे कसं घडतं ते नीट बघ. गुरुवारी टीआरपी येतो तो त्याआधीच्या शनिवार ते शुक्रवार या आठवड्याचा, आणि त्या भागांचे संवाद त्याच्याही आधी लिहून झालेले असतात. म्हणजे शिळ्या आकड्यावर आज संध्याकाळी ट्रॅक, म्हणजे कथेतला चालू धागा, गुंडाळायचा निर्णय होतो. कथाविस्तार एकाचा, पटकथा दुसऱ्याची, संवाद तुझे. वरून निरोप येतो, 'सोमवारपासून मंगळागौर.' मग कालपर्यंत घर गहाण पडलेलं कुटुंब नव्या साड्यांत झिम्मा खेळतं. कर्ज कुठे गेलं? कोणी विचारत नाही. प्रेक्षक मात्र विचारतो, आणि उत्तर मिळालं नाही की पुढच्या संकटाला घाबरणं सोडून देतो. हेही नाहीसं होणार, हे त्याला कळलेलं असतं.

'क्योंकि सास भी कभी बहू थी' या हिंदी मालिकेत नायक मिहीर मेला आणि प्रेक्षकांच्या मागणीवरून परत आला. तेव्हा ती खरोखर मोठी गोष्ट होती. नंतर मेलेल्यांनी परत येणं ही मालिकांची सवय झाली आणि मरणाची किंमत शून्यावर आली. त्याउलट 1984 च्या 'हम लोग' या मालिकेत भाग संपला की अभिनेते अशोक कुमार समोर येऊन घडलेल्यावर बोलायचे. काय घडलं आणि त्याचं पुढे काय होऊ शकतं, याची आठवण प्रत्येक भागात ताजी व्हायची. मालिका म्हणजे आठवण, अगं! सिनेमा अडीच तासांत संपतो. आपल्याकडे मात्र माणसं वर्षानुवर्षं रोज त्याच घरात येतात आणि घराला काल काय झालं तेच आठवत नाही.

तर एक वही कर. मोबाइलमध्ये नको, कागदाची, सेटवर नेता येईल अशी. पाच रकाने: भाग क्रमांक, घटना, कोणाला माहीत, कोणाला माहीत नाही, काय देणं राहिलं. शेवटचा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. पैशांचं देणं, माफीचं देणं, न दिलेलं उत्तर, सगळं त्यात लिही. संवाद लिहायला बसण्याआधी तो रकाना वरून खाली वाच. लेखक बदलतात तेव्हा नव्या माणसाला दोनशे भाग बघायला वेळ नसतो. ही वही एका बैठकीत वाचून होते.

ट्रॅक गुंडाळायचाच असेल तर गुंडाळ, भांडू नकोस. पण तीन प्रसंग माग. पहिल्यात निर्णय, दुसऱ्यात त्याची किंमत, आणि दहा-पंधरा भागांनंतर एक उल्लेख. अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये जाहिराती वजा जाता साधारण 22 मिनिटं उरतात, त्यामुळे 'जागा नाही' हे उत्तर तुला मिळणारच. त्यासाठी तिसरा प्रसंग चाळीस सेकंदांचा ठेव. दुधात काहीतरी कालवलेली जाऊ माफ झाली असेल, तर तिने आणलेला चहा उचलताना कोणाचा तरी हात क्षणभर थांबू दे. त्याला नवा सेट लागत नाही, जादा कलाकार लागत नाही. संवादही लागत नाही.

नट मालिका सोडून गेला तरी हेच. पात्र 'पुण्याला गेलं' आणि विषय संपला, असं करू नकोस. त्याची खोली दुसऱ्या कोणाला द्यायची का, यावर घरात कुरबूर होऊ दे. झालेलं पुसू नकोस.

मला हट्टी म्हणतात, म्हणू देत. पुसायला सांगितलं तेव्हा मीही पुसलं आहे, आणि 'मुदतीत भाग द्यायचा होता' हे माझं कारण आजही खोटं नाही. पण ते पुरेसं नव्हतं, एवढं आता कळतं. म्हणून तुझ्या मागे लागलोय.

नोकरी सोडायची की नाही, ते या आठवड्यात ठरवू नकोस. आधी मागच्या साठ भागांची वही भर. रात्री दोन तास बसलीस तर आठवड्याभरात होईल. मग शेवटच्या रकान्याचे फोटो पाठव. कोणतं देणं आधी फेडायचं ते आपण फोनवर बसून ठरवू.

तुझा,
दादा