चेंडू कुणाच्या हातात?

प्रश्न : काका, नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा पेन्सिल्व्हेनियातल्या एका लहान डिव्हिजन वन (कॉलेज खेळांची सर्वात वरची पातळी) विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघात पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे आणून खेळ चालवणारा, आहे. दुसरं वर्ष नुकतंच संपलं. यंदा सामन्याला ३४ मिनिटं खेळला, सरासरी १३ गुण. आता ट्रान्सफर पोर्टलमध्ये (विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत) नाव टाकायचं म्हणतोय, कारण मोठ्या कॉन्फरन्समधली (विद्यापीठांच्या गटातली) एक शाळा (इथे विद्यापीठालाही शाळाच म्हणतात) त्याला घ्यायला तयार आहे असा निरोप त्याच्या जुन्या कोचकडून आलाय. ह्यांचं म्हणणं, ज्यांनी संधी दिली त्यांना सोडून जाणं ही बेइमानी. मला वेगळीच धास्ती आहे. तिथे जाऊन नुसता बाकावर बसला तर? शाळा बदललेल्या अशा गार्डांचं पुढे होतं तरी काय?
— एक आई

उत्तर : ताई, आधी माझी लायकी सांगतो, म्हणजे सल्ला किती मनावर घ्यायचा ते तुम्हाला ठरवता येईल. मी बावीस वर्षं मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठात खेळाडूंचा अभ्यास-सल्लागार होतो. बास्केटबॉल मला येत नाही. माझा फ्री थ्रो रिंगपर्यंत पोचला तरी ऑफिसात टाळ्या पडायच्या. पण कुठल्या पोराचे किती क्रेडिट कमी पडताहेत, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

बेइमानीचं म्हणाल तर मार्च २०२३ मध्ये रिक पिटिनो आयोना सोडून सेंट जॉन्सला कोच म्हणून गेले. त्याच वसंतात त्यांचा गार्ड वॉल्टर क्लेटन फ्लोरिडाला गेला. कोच गेले की बढती आणि पोरगं गेलं की पळ, हा हिशेब मला कधी कळला नाही. तुमच्या मालकांना तेवढं विचारा.

क्लेटनची गोष्ट तुमच्या मुलाला पाठ असणारच. ७ एप्रिल २०२५, सॅन अँटोनिओ, राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेचा ह्यूस्टनविरुद्ध अंतिम सामना. उपांत्य सामन्यात ऑबर्नला ३४ गुण ठोकणाऱ्या ह्या पोराचा पूर्वार्धात भोपळा! शेवटी जमले ११. पण अखेरच्या क्षणी ह्यूस्टनचा शूटर उडी मारून फेकणार तेवढ्यात क्लेटन अंगावर धावून गेला, शूटरने घाबरून चेंडू सोडून दिला आणि फ्लोरिडा ६५-६३ जिंकलं. त्या संघाचे सुरुवातीचे तिन्ही गार्ड दुसरीकडून आलेले होते. क्लेटन आयोनाचा, अलायजा मार्टिन फ्लोरिडा अटलांटिकचा, विल रिचर्ड बेलमाँटचा.

आता ही गोष्ट बाजूला ठेवा. क्लेटनकडे बघून पोर्टलमध्ये शिरणं म्हणजे लॉटरी लागलेल्याचा फोटो बघून तिकीट काढणं.

माझ्या मते गार्डाने शाळेचं नाव बघायचंच नाही. बघायचं एवढंच, की तिथे चेंडू कुणाच्या हातात असतो. उंच खेळाडूचं नशीब बरं असतं. कुठेही गेला तरी रिबाउंड (हुकून परतलेला चेंडू) त्याच्याकडे येतोच. गार्डाला कुणीतरी चेंडू द्यावा लागतो. कॉलेजचा सामना ४० मिनिटांचा, मैदानावर पाच जण, म्हणजे वाटायला एकूण २०० मिनिटं. दोन गार्ड खेळवणाऱ्या कोचकडे गार्डांसाठी त्यातली ८० आणि तीन खेळवणाऱ्याकडे १२०. तुमच्या मुलाला आज त्यातली ३४ मिळतात. नव्या शाळेचा रोस्टर (संघातल्या खेळाडूंची यादी) काढा, कोणते गार्ड परत येताहेत, कोण पदवी घेऊन बाहेर पडतोय आणि पोर्टलमधून आणखी कुणाशी बोलणी चालू आहेत ते विचारा. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना कोच छताकडे बघायला लागला तर समजा, मिनिटं वाटून झालीत.

मिनिटं मिळाली तरी काम बदलू शकतं, हे मुलाच्या मनाला आधी पटायला हवं. कॅम स्पेन्सरचं बघा. लॉयोला मेरीलँडला तीन वर्षं, रटगर्सला एक, मग यूकॉन (कनेक्टिकट विद्यापीठ). लॉयोलात सगळा भार त्याच्यावर होता, यूकॉनमध्ये चेंडू बराचसा ट्रिस्टन न्यूटनकडे. (न्यूटनसुद्धा ईस्ट कॅरोलिनाहून आलेला!) स्पेन्सर चेंडूशिवाय पळत राहिला, मोकळा झाला की फेकत राहिला. २०२४चं विजेतेपद मिळालं आणि एनबीए ह्या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू निवडतात त्यात) ५३वा क्रमांक. हे सगळ्यांना जमत नाही. आपल्या गावात पाटील असलेल्याला दुसऱ्या गावात उपसरपंच होणं जड जातं.

आता माझा खरा विषय. मुलाचं गुणपत्रक नव्या शाळेला आत्ताच पाठवायला सांगा, नाव पोर्टलमध्ये जायच्या आधी नाही जमलं तर निदान होकार द्यायच्या आधी. डिव्हिजन वनमध्ये तिसऱ्या वर्षी खेळायला पदवीचा ४० टक्के अभ्यास पुरा झालेला लागतो, चौथ्या वर्षी ६० आणि पाचव्या वर्षी ८०. आणि 'पदवीचा' म्हणजे नव्या शाळेतल्या पदवीचा. एक गार्ड आमच्याकडे चौथ्या वर्षाला आला. गाठीला ८४ क्रेडिट. १२० च्या पदवीला ७२ लागतात, म्हणजे पोरगा निवांत. आमच्या मंडळींनी धरले ६६. उरलेले 'ऐच्छिक' म्हणून कागदावर आले, पदवीत मोजायला जागाच नव्हती. मुख्य विषय बदलायचा किंवा सहा क्रेडिट कमवायचे. बिचाऱ्याने उन्हाळाभर समाजशास्त्र आणि भूगर्भशास्त्र केलं, बाकीचे जिममध्ये असताना. ज्या कोचने त्याला आणलं त्याने यातलं काहीच आधी सांगितलं नव्हतं, आणि आमच्या ऑफिसला विचारलंही नव्हतं. ह्या गोष्टीचा मला अजून राग येतो. तुमच्या मुलाचा मुख्य विषय कोणता ते तुम्ही लिहिलं नाहीत. विज्ञान किंवा इंजिनिअरिंग असेल तर दुप्पट काळजी घ्या. प्रयोगशाळेचे विषय एका शाळेचे दुसऱ्या शाळेत जुळता जुळत नाहीत.

आणखी एक. पोर्टलमध्ये नाव टाकणं म्हणजे नुसती चौकशी नव्हे. मुलाने कळवल्यावर शाळेला कामकाजाच्या दोन दिवसांत नाव टाकावंच लागतं, पण त्यानंतर त्याची जागा आणि पुढच्या सत्राची स्कॉलरशिप राखून ठेवायला शाळा बांधील नसते. राजीनामा देऊन नोकरी शोधण्यासारखंच. 'तयार आहे' हा निरोप कोणाकडून आला, त्याने कुणाशी बोलून दिला, हे बारकाईने विचारा.

पैशांबद्दल तुम्ही संकोचाने काही विचारलं नाहीत, पण घरात बोलणं झालं असणारच. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर (जाहिराती वगैरे करून) कमावता येतं, आणि जुलै २०२५ पासून शाळाही थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षाची मर्यादा सगळ्या खेळांना मिळून शाळेमागे साधारण २ कोटी ५ लाख डॉलर. त्यातला मोठा घास अमेरिकन फुटबॉलचा. २०२२ मध्ये नायजेल पॅक कॅन्सस स्टेटहून मायामीला आला तेव्हा दोन वर्षांचे ८ लाख डॉलर आणि एक गाडी असा करार उघड जाहीर झाला. लगेच तिथल्या जुन्या गार्डाच्या एजंटने, आमच्या खेळाडूचे पैसे वाढवा नाहीतर तोही निघाला, असा बोभाटा केला. (तो राहिला, आणि दोघांनी मिळून संघाला २०२३च्या फायनल फोरपर्यंत, म्हणजे शेवटच्या चार संघांत, नेलं.) सांगायचं कारण, नव्याला मिळालेला आकडा जुन्यांनाही कळतो आणि पास तेच देणार असतात. जे ठरेल ते लेखी घ्या, सही करण्याआधी वकिलाला दाखवा.

'पुढे होतं काय' ह्याचं सरळ उत्तर, बहुतेकांचं एनबीए होत नाही, शाळा बदलून किंवा न बदलून. अँटवान डेव्हिस डेट्रॉइट मर्सीला पाच वर्षं वडिलांच्या हाताखाली खेळला. एकदा पोर्टलमध्ये जाऊन परतही आला. ३,६६४ गुण केले, पीट मॅराविचच्या विक्रमाला फक्त तीन कमी, आणि ड्राफ्टमध्ये त्याचं नाव कुणी घेतलं नाही. उलट नायजेल विल्यम्स-गॉस वॉशिंग्टन सोडून गोन्झागाला गेला, तेव्हाच्या नियमाने एक वर्ष न खेळता बसला, २०१७चा अंतिम सामना खेळला, ५५वा निवडला गेला. एनबीएत त्याच्या वाट्याला दहाच सामने आले, पण बेलग्रेडचा पार्टिझान, ऑलिंपियाकोस, रेआल माद्रिद अशी युरोपातली नोकरी त्याने ताठ मानेने केली. मुलाला विचारा, बेलग्रेडमध्ये खेळून पोट भरायला आवडेल का. डोळे चमकले तर त्याला हा खेळ हवाय. नाही चमकले तर निदान क्रेडिट तरी नीट सांभाळा.

प्रश्न : आमच्या वेळी शाळा बदलली की वर्षभर बसावं लागे. त्याने पोरांना शिस्त लागायची. तो नियम काढला हे बरं झालं का?
— एक जुना प्रेक्षक

उत्तर : बरं झालं. कोचला एक दिवस बसावं लागत नव्हतं. एप्रिल २०२१ मध्ये पहिल्या बदलीला सूट मिळाली. डिसेंबर २०२३ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या संघीय न्यायालयाने दुसऱ्यांदा बदलणाऱ्यांवरची बंदीही रोखली आणि २०२४च्या एप्रिलमध्ये नियमच बदलला. आता अभ्यास ठीक असला की झालं.

पण तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे, ते नाकारत नाही. सेथ करी लिबर्टीत पहिल्याच वर्षी सामन्याला २० गुण करून ड्यूकला गेला आणि २००९-१० मध्ये बसला. नेमकं त्याच वर्षी ड्यूक विजेतं झालं आणि हा साध्या कपड्यांत बाकावर! २०१३च्या ड्राफ्टमध्ये त्याला कुणी घेतलं नाही. तरी २०२४-२५ मध्ये, चौतिशीत, तीन गुणांच्या फेकीच्या टक्केवारीत तो सगळ्या एनबीएत पहिला आला. डेव्हियन मिचेलही ऑबर्नहून बेलरला येऊन वर्षभर बसला, २०२१ मध्ये विजेता झाला, नवव्या क्रमांकावर निवडला गेला. सक्तीचं ते वर्ष नुसत्या सरावाचं होतं. आजच्या पोरांना ते कुणी देत नाही आणि स्वतःहून कुणी मागतही नाही.

प्रश्न : आजोबा, मी हायस्कूलमध्ये शूटिंग गार्ड (मुख्यतः लांबून फेकणारी) आहे. दोनदा शाळा बदलली तर कोच 'ही टिकत नाही' म्हणतात का?
— अकरावीतली एक

उत्तर : म्हणणारे म्हणतात गं. तू हेली व्हॅन लिथचं बघ. लुईव्हिल विद्यापीठात तीन वर्षं, शेवटी सामन्याला जवळजवळ २० गुण. मग एलएसयूला (लुइझियाना स्टेट) गेली. तिथे तिला पॉइंट गार्ड केलं, म्हणजे फेकायचं सोडून वाटायचं काम, आणि गुण ११-१२ वर आले. लोकांनी तिला निकालात काढलं. पुढच्या वर्षी टीसीयूत (टेक्सस ख्रिश्चन विद्यापीठ) तिच्यासाठी पिक अँड रोल (जोडीदार बचाव अडवतो आणि चेंडूवालीला वाट मिळते ती चाल) बसवला. ती बिग ट्वेल्व्ह कॉन्फरन्सची सर्वोत्तम खेळाडू ठरली आणि २०२५ मध्ये शिकागो स्काय ह्या महिलांच्या व्यावसायिक संघाने तिला ११व्या क्रमांकावर घेतलं. तीन शाळा, पाच वर्षं, पाचही वर्षी एलिट एट, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेतल्या शेवटच्या आठांत.

म्हणून कोच भेटायला येईल तेव्हा त्याला विचार, की मला कुठल्या जागेवर खेळवणार, आणि तुमची आत्ताची पॉइंट गार्ड दुखापतीने बसली तर कुणाला तिच्या जागी टाकणार? दुसऱ्या प्रश्नावर तुझंच नाव आलं तर आजपासून डाव्या हाताने ड्रिबल करायला लाग.