कुशादासीहून एका दिवसात इफिसस आणि मेरीचं घर: गाइडेड टूर घ्यावी की स्वतः फिरावं?

गाइड घ्या, टूर घेऊ नका. लोक या दोन्हींची गल्लत करतात आणि घरी येऊन सांगत सुटतात, "गाइड म्हणजे दुकानदारांचे दलाल." आमचे भावजी हे वाक्य प्रत्येक लग्नकार्यात ऐकवतात. त्यामुळे तुमच्या प्रश्नातलं ‘मित्र म्हणतो फोनवर सगळी माहिती मिळते, गाइड कशाला’ हे वाचलं आणि राहवलं नाही.

तुमची क्रूझ सकाळी तुर्कस्तानातल्या कुशादासी बंदराला लागणार, संध्याकाळी सुटणार, मधल्या वेळात इफिससचं प्राचीन पडकं शहर आणि येशूच्या आईचं, मेरीचं घर बघायचं, सोबत सत्तरीतले आईवडील. आमचंही साधारण असंच होतं, फक्त आम्ही बोटीने न जाता जवळच्या इझमीर शहरात मुक्काम करून गेलो होतो. हे, मी, सासूबाई, भावजी आणि जाऊबाई. बुकिंग भावजींनी केलेलं. सगळ्यांत स्वस्त टूर शोधून काढली होती, जेवण धरून, आणि त्याचा त्यांना कोण अभिमान! एवढी स्वस्त का, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

गाइड मात्र नशिबाने उत्तम निघाला. गळ्यात सरकारी परवान्याचं कार्ड (तुर्कस्तानात ते लागतंच, नसेल तर त्या माणसाबरोबर एक पाऊल टाकू नका), इंग्रजी स्वच्छ, आणि थापा न मारणारा. संगमरवरी रस्त्यावर एक पावलाची आकृती कोरलेली आहे. ती वेश्यागृहाची जाहिरात होती, असं तिथला जो तो सांगतो. यानेही सांगितलं आणि लगेच म्हणाला, "ही गोष्ट पर्यटकांना आवडते म्हणून आम्ही सांगतो, पुरावा तोकडा आहे." तिथेच माझा त्याच्यावर विश्वास बसला.

ग्रंथालयापाशी आलो. सेल्ससचं ग्रंथालय म्हणजे इफिससच्या प्रत्येक जाहिरातीत दिसते ती दोन मजली कमान-खांबांची दर्शनी भिंत. रोमन अधिकारी सेल्सस याच्या स्मरणार्थ त्याच्या मुलाने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात बांधलेलं. सेल्ससला पुरलंय इमारतीच्या पोटातच. आज दिसते ती भिंत ऑस्ट्रियन पुरातत्त्वज्ञांनी १९७० ते १९७८ मध्ये पडलेले तुकडे जुळवून परत उभी केली. कोनाड्यांतले पुतळे नकला आहेत, अस्सल व्हिएन्नाला. इथपर्यंतचं भावजी फोनवरून मोठ्याने वाचून दाखवत होते, म्हणजे गाइडला ऐकू जाईल अशा बेताने.

गाइडने त्यांचं वाचून होऊ दिलं. मग आम्हाला भिंतीच्या बरोबर मधोमध उभं केलं आणि म्हणाला, खालच्या मजल्यावर खांबांच्या जोड्या कुठे आहेत आणि वरच्या मजल्यावर कुठे, बघा. वरची जोडी खालच्या जोडीवर नाहीच! एका घराने सरकवलेली आहे. शिवाय मधले खांब कडेच्या खांबांपेक्षा मोठे. दोन्ही बाजूंना इमारती चिकटलेल्या, जागा अरुंद, म्हणून भिंत आहे त्यापेक्षा रुंद दिसावी यासाठी ही सगळी हातचलाखी. नंतर तो पायऱ्यांपाशी वाकला आणि बोटाने धूळ झटकली. दगडावर ओरखड्यासारख्या रेघा होत्या. नीट पाहिलं तर ज्यूंचा सात फांद्यांचा दिवा, मेनोरा. कुणीतरी कोरून ठेवलेला. भावजी त्याच पायरीवर उभे राहून सेल्फी काढून झाले होते.

आता सांगा, फोनवर सगळं मिळतं का? मिळतं हो, पण कुठे वाकून बघायचं ते आधी कळायला हवं ना.

मीही मग थोडी फुशारकी मारून घेतली. म्हटलं, आमच्या कोल्हापुरात पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीला उत्खनन झालं, त्यात रोमन काळातली समुद्रदेव पोसायडनची छोटी ब्राँझची मूर्ती सापडलीय, टाउन हॉलच्या म्युझियममध्ये आहे. त्याने खिशातून वही काढून ‘कोल्हापूर’ लिहून घेतलं, स्पेलिंग दोनदा विचारलं. भावजी म्हणाले, "वहिनींना कुठेही न्या, फिरून फिरून कोल्हापूरच." तर काय! कोल्हापुरातलीच किती माणसं ती मूर्ती बघून आलीत, विचारा.

थिएटर तर बघायचंच. सुमारे २५,००० माणसं बसतील एवढं. बायबलमधली गोष्ट तिथलीच: संत पॉल सांगत सुटला की हाताने घडवलेले देव ते देव नव्हेत. अर्तमी देवीची चांदीची देवळं घडवून विकणारा डेमेट्रियस नावाचा सोनार खवळला, त्याने धंदेवाल्यांना भडकावलं आणि जमाव या थिएटरात घुसून दोन तास "इफिसकरांची अर्तमी थोर!" म्हणून ओरडत बसला. इफिससमध्ये दुकानदारांचा वट हा असा जुना आहे.

आणि तो आम्हालाही भोवला. थिएटरातून खाली येतोय तोच टूर कंपनीचा फोन गाइडला. ‘टेरेस हाउसेस’, म्हणजे तिथल्या श्रीमंतांची जुनी घरं, बघायची राहिली होती, ती यादीत असूनही गाळली आणि बस थेट चामड्याच्या दुकानात. तिथे चहा, दिवे, गाणी, रॅम्पवर मुलं-मुली जाकिटं घालून फिरतायत, मग प्रेक्षकांतून दोघा-चौघांना ओढून रॅम्पवर नेलं. त्यात भावजी. गाइड बाहेर सिगरेट ओढत उभा होता. मी त्याच्याकडे गेले तर म्हणाला, "मॅडम, मी रोजंदारीवर. थांबा कंपनी ठरवते." तासाहून जास्त वेळ गेला. आणि खरेदी कुणी केली? जन्मभर दलालांच्या नावाने बोटं मोडणाऱ्या आमच्या भावजींनी. जाकीट. राहतात ठाण्यात.

म्हणून म्हणते, राग धरायचा तर टूर विकणाऱ्यावर धरा आणि स्वस्त भाव बघून ती घेणाऱ्यावर धरा. गाइडने काय घोडं मारलंय?

मेरीच्या घराबद्दल विचारलंत. बुलबुल डोंगरावर आहे, झाडीत, दगडी, अगदी लहान. जर्मनीतल्या अ‍ॅन कॅथरिन एमेरिक या अंथरुणाला खिळलेल्या जोगिणीला दृष्टान्त व्हायचे, त्यांत दिसलेलं मेरीच्या अखेरच्या दिवसांतलं घर तिने वर्णन केलं; ती कधी इकडे आली नव्हती. तिच्या मरणानंतर बऱ्याच वर्षांनी, १८९१ मध्ये, इझमीरच्या पाद्र्यांनी त्या वर्णनावरून शोधत हे पडकं घर गाठलं. चर्चने ‘हेच ते घर’ असा निवाडा दिलेला नाही, पण १९६७ मध्ये सहावे पॉल, १९७९ मध्ये दुसरे जॉन पॉल आणि २००६ मध्ये सोळावे बेनेडिक्ट असे पोप येऊन गेलेत. मुसलमानही येतात, मरियम त्यांनाही पूज्य.

भावजी हसून म्हणाले, "म्हणजे स्वप्नातलं घर!" त्यावर सासूबाई म्हणाल्या, "देव काय सातबारा घेऊन येतोय व्हय?" आणि चप्पल काढायला लागल्या. तिथे चप्पल काढायची नसते, गाइडने सांगितलं, पण त्यांनी काढलीच. आत फोटो काढता येत नाही, एका दाराने आत, दुसऱ्याने बाहेर, मिनिटभराचं दर्शन. खाली झऱ्याचे नळ आहेत आणि शेजारी भिंतभर कागद, चिंध्या बांधलेल्या. सासूबाईंनी विचारलं, "नवसाचं का?" आणि पदराच्या टोकाचा दोरा दातांनी तोडून बांधला. काय मागितलं ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांना निघताना "आईंना हॉटेलवरच राहू दे, दगडधोंडे बघून काय करणार" असं म्हणणारे कोण, हे सांगायची गरज नाही. तुमच्या आईवडिलांबाबत असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

नंतर आम्ही दोघंच इफिससशेजारच्या सेल्चुक गावी राहून परत गेलो आणि स्वतःच्या खर्चाने गाइड घेतला. तेव्हा टेरेस हाउसेस पाहिली. छपराखाली झाकलेली श्रीमंतांची घरं, भिंतींवर रंग तसेच, कुणी ग्लॅडिएटर रेखाटलेत, आणि संगमरवराच्या हजारो तुकड्यांची जुळवाजुळव टेबलांवर चाललेली. सगळ्या इफिससमध्ये मला ते जास्त आवडलं. तिकीट वेगळं पडतं, द्या.

तुम्ही काय करायचं: खासगी गाइड आणि गाडी आधीच ठरवा, आणि ‘दुकान नको’ हे लेखी घ्या. आधी डोंगरावर मेरीकडे, कारण तिथे सार्वजनिक वाहन जात नाही आणि गर्दी नंतर वाढते. उतरताना इफिससच्या वरच्या फाटकाशी आत शिरा, म्हणजे सगळा रस्ता उताराचा. गाडी खालच्या फाटकाशी बोलवा. त्या बाजूलाच मेरीचं चर्च पडलंय, इसवी सन ४३१ ची धर्मपरिषद तिथली. तिने मेरीला देवमाता ठरवलं. बहुतेक टूर तिकडे वळत नाहीत, तुम्ही दहा मिनिटं वळा. मग सेल्चुकला अर्तमीच्या देवळाचा उरलेला खांब. जगातल्या सात आश्चर्यांपैकी एकाची ही अवस्था. पण तिथून एका नजरेत देऊळ, त्यामागे १३७५ ची इसा बे मशीद आणि वर टेकडीवर संत जॉनचं चर्च दिसतं. मशिदीतले काही खांबही जुन्या इफिससचेच. सात झोपाळूंची गुहा आणि शिरिंजे गाव सोडून द्या, एका दिवसात ती हाव नको.

एक राहिलं. टेरेस हाउसेसना जिने खूप आहेत, गुडघे दुखत असतील तर आईवडिलांना बाहेर सावलीत बसवा. सावली म्हणजे शोधावी लागेल, उन्हाळ्यात तिथे भाजून निघतं. संगमरवर गुळगुळीत झालाय, चपला नकोत, बूट घाला.

आणि हो, उशीर झाला तर बोट तुमच्या खासगी गाइडसाठी थांबणार नाही. बोटीच्या कंपनीची स्वतःची टूर उशिरा आली तर थांबते. धाकधूक वाटत असेल तर तीच घ्या, दुकानाचा थांबा आहे का ते आधी विचारून. भावजी म्हणतील, "शेवटी टूरच ना?" म्हणू देत.